नळीच्या खालची नावं

जुनी ब्रिटिश टार्गेट रायफल हातात आली की नजर आधी नळीच्या वरच्या अंगावर जाते. तिथं सुबक अक्षरांत पेढीचं नाव कोरलेलं असतं, पुढे शहर, कधी रस्ता आणि घर क्रमांकही. लिलावाच्या यादीत तेच नाव छापलं जातं आणि किंमतही बरीचशी त्याच्यावरच ठरते. पण एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश बंदूकधंद्यात या नावाचं काम दुकानाच्या पाटीइतकंच होतं. रायफल कोणी विकली आणि तिची हमी कोणी घेतली, एवढं ते सांगतं. ती घडवली कोणी हे शोधायचं, तर रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी दस्त्यातून मोकळी करावी लागते, उलटी करून बघावी लागते आणि लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, उतरवून त्याची आतली बाजू उजेडात धरावी लागते.

१८६०च्या दशकातली एखादी ठासणीची रायफल घ्या. .४५१ इंची, लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी बांधलेली. नळीवर लंडनच्या नामांकित पेढीचं नाव. नळी उलटी केली की बुडाजवळ एक मुकुट दिसतो, त्याखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत बी, पी, सी ही तीन अक्षरं. शेजारी तसाच आणखी एक ठसा, त्यात मात्र एकटं व्ही. हे दोन्ही बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे. त्यांच्यालगत ५२ हा आकडा आणि जरा बाजूला कुणा नळीवाल्याची दोन आद्याक्षरं. आता लॉकचे स्क्रू काढून पट्टीची आतली बाजू पाहावी, तर तिथं ‘जोसेफ ब्रेझियर, ॲशेस’ असा बारीक ठसा सापडण्याचा चांगलाच संभव. ब्रेझियर हे वुल्व्हरहॅम्प्टनचे लॉक बनवणारे. त्यांची लॉकं इतकी नावाजलेली की इंग्लंडातल्या उत्तमोत्तम पेढ्या ती विकत घेऊन त्यांच्या बाहेरच्या अंगावर स्वतःचं नाव कोरून घेत. म्हणजे विक्री लंडनची, नळी बर्मिंगहॅमची, लॉक वुल्व्हरहॅम्प्टनचं. गिऱ्हाइकाला दिसायचं ते फक्त लंडन.

यात फसवाफसवी नव्हती, धंद्याची रीतच ती होती. बर्मिंगहॅमला सेंट मेरी चर्चच्या आसपास, स्टीलहाऊस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट या गल्ल्यांतून बंदूककामाच्या छोट्या छोट्या कार्यशाळा दाटीनं वसलेल्या होत्या. एकजण नळीला भोक पाडणार, दुसरा ती घासून आकाराला आणणार, तिसरा लॉकचे भाग कानशीनं जुळवणार, चौथा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवणार, आणि नळीवर तपकिरी छटा चढवणारा आणखी वेगळा. अर्धवट तयार माल या दारातून त्या दारात फिरायचा. ज्याच्या हातून भाग जाई तो कुठंतरी, बहुधा लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, आपली आद्याक्षरं ठोकून ठेवी. पुढे काही बिघडलं तर कुणाकडे बोट दाखवायचं ते कळावं आणि मजुरीचा हिशेब लागावा, हा उद्देश. या माणसांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. त्यांतल्या कित्येकांची एवढीच नोंद उरली आहे, म्हणून ती दोन अक्षरं भिंगाखाली धरून वाचण्याचे कष्ट घ्यायलाच हवेत.

प्रूफचे ठसे मात्र कायद्यानं आलेले. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवायची, फाटली नाही तर ठसा मारायचा, ही पद्धत लंडनमध्ये फार जुनी. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, आणि व्हाइटचॅपलच्या कमर्शियल रोडवर त्यांचं प्रूफ हाऊस १६७५ पासून आहे. त्यांचे ठसे म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली जी-पी ही अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमवाल्यांना स्वतःचं प्रूफ हाऊस मिळवायला १८१३ सालचा संसदेचा कायदा व्हावा लागला. बॅनबरी स्ट्रीटवरची त्यांची वास्तू अजून उभी आहे आणि तिथं अजूनही नळ्या तपासल्या जातात. राजदंडांचे ते दोन ठसे १९०४ पर्यंत चालले. नंतर मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही आणि धूरविरहित दारूच्या चाचणीसाठी एन-पी अशी अक्षरं आली. १९२१ पासून वर्ष सांगणाऱ्या अक्षराचा एक छोटा ठसाही बर्मिंगहॅमनं सुरू केला. त्यामुळे नळीवर कुठंही साल कोरलेलं नसलं तरी प्रूफच्या ठशांवरून काळाची वरची आणि खालची मर्यादा बांधता येते.

त्या ५२ आकड्यानं नवखा माणूस हमखास गोंधळतो. त्याला वाटतं हा कारखान्याचा क्रमांक. प्रत्यक्षात ते नळीच्या व्यासाचं माप आहे, जुन्या हिशेबानं मांडलेलं. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या ५२ गोळ्या केल्या तर त्यांतली एक या नळीत बसेल, असा त्याचा अर्थ. म्हणून .४५१ इंची टार्गेट रायफलीवर ५२ आणि सैन्याच्या .५७७ इंची एनफिल्डवर २५. आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद.

प्रूफच्या ठशाचा अर्थ लावतानाही घाई नको. बर्मिंगहॅमचा ठसा असलेली नळी लंडनच्या दुकानात विकली गेली, हे तर पदोपदी दिसतं. उलट प्रकारही घडे. लंडनच्या ठशाला बाजारात वजन होतं म्हणून काही बर्मिंगहॅमवाले मुद्दाम आपल्या नळ्या तपासणीसाठी लंडनला धाडत. म्हणून एका ठशावर निकाल देऊ नये. आद्याक्षरं, लॉक, आकडे आणि खाचा यांची साक्ष जुळली तरच काही ठामपणे म्हणता येतं.

या रायफली इतक्या संख्येनं बनल्या त्याला एक राजकीय कारण होतं. १८५९ साली फ्रान्स चाल करून येईल या धास्तीनं इंग्लंडात स्वयंसेवक पथकं उभी राहिली. १२ मे १८५९ रोजी युद्ध खात्यानं तसं परिपत्रक काढलं आणि वकील, कारकून, दुकानदार रायफल खांद्यावर टाकून कवायतीला जाऊ लागले. त्यांना नेमबाजी शिकवण्यासाठी नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिची पहिली स्पर्धा २ जुलै १८६० रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर भरली आणि पहिली गोळी राणी व्हिक्टोरियानं झाडली. रायफल लोखंडी बैठकीवर आधीच नेम धरून घट्ट बसवलेली होती. राणीनं रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या केंद्रापासून दीड इंचाच्या आत गोळी लागली. ती रायफल आणि बैठक दोन्ही मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थची. त्याच स्पर्धेत क्वीन्स प्राइझचे २५० पौंड एडवर्ड रॉस या तरुणानं जिंकले. मोठ्या बक्षिसाची चर्चा झाली आणि व्हिटवर्थचं नाव नेमबाजांच्या तोंडी बसलं.

व्हिटवर्थचं नाव महाराष्ट्रातल्या लेथवर काम करणाऱ्यांना वेगळ्या कारणानं परिचित आहे. ५५ अंशांच्या कोनाचे व्हिटवर्थ आटे त्याचेच, १८४१ सालचे. मोजमापाचा ध्यास घेतलेला हा माणूस बंदूककार नव्हता, यंत्रकार होता. सरकारनं रायफलीचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्यानं मँचेस्टरजवळच्या आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची झाकलेली गॅलरी बांधली, म्हणजे वाऱ्याचा त्रास न होता गोळीचा मार्ग तपासता यावा. शेवटी त्यानं गोल नळीला खाचा पाडण्याऐवजी नळीचा आतला आकारच षटकोनी केला आणि त्याला दर २० इंचांत एक पूर्ण पीळ दिला. एनफिल्डमध्ये एवढा पीळ पुरा व्हायला ७८ इंच लागत. १८५७ साली हाइथ इथं दोघींची चाचणी झाली तेव्हा ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या केंद्रापासून सरासरी २.२४ फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. ८०० यार्डांवर हेच आकडे ४.२० आणि १ फूट होते. तरी सैन्यानं ती घेतली नाही. अरुंद नळी दारूच्या काजळीनं लवकर भरे आणि किंमत तर फारच चढी होती.

व्हिटवर्थची रायफल ओळखायला ठसा शोधण्याआधी तोंडातून आत बघावं. षटकोन दिसला की निम्मं काम झालं. निम्मंच, कारण या षटकोनी नळ्या इतर पेढ्यांच्या दस्त्यांवरही बसलेल्या सापडतात, तेव्हा नळीवर ‘व्हिटवर्थ पेटंट’ असं असतं आणि लॉकवर भलतंच नाव. मँचेस्टरच्या स्वतःच्या मालावर लॉकच्या पट्टीवर आधी ‘व्हिटवर्थ रायफल कंपनी’ आणि १८६२च्या सुमारापासून ‘मँचेस्टर ऑर्डनन्स अँड रायफल कंपनी’ अशी नावं येतात. घोड्याच्या मागच्या बाजूला मुकुटाखाली डब्ल्यू आणि गव्हाची पेंढी असा चिमुकला ठसा बघायचा. नाव पुसट झालं तरी तो बऱ्याचदा टिकून राहतो.

यांतल्या थोड्या रायफली अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याकडे पोचल्या. निवडक नेमबाजांच्या हाती त्या दिल्या जात. आज त्यांच्यासाठी संग्राहक वाटेल तेवढे पैसे मोजतात. चापाच्या संरक्षक पट्टीवर ‘सेकंड क्वालिटी’ असा ठसा आणि क्रमांकाआधी सी हे अक्षर, ही त्यांची खूण मानली जाते. पैसा आला तिथं बनावटही येते. साध्या स्वयंसेवकाच्या व्हिटवर्थवर ही दोन शब्दांची भर घालणं काही अवघड नाही. खरं-खोटं करायचं तर भिंगातून गंजाचे खड्डे बघावेत. जुना ठसा आधी बसलेला असतो आणि गंज नंतर त्याच्या अंगावरून गेलेला असतो, म्हणून अक्षरांच्या कडाही खड्ड्यांनी कुरतडलेल्या दिसतात. ठसा नवा असला तर तो गंजलेल्या पृष्ठभागाला चिरत जातो, त्याच्या कडा धारदार आणि तळ स्वच्छ राहतो. ठोकलेल्या अक्षराभोवती धातू किंचित वर उचलला गेलेला असतो आणि कोरलेल्या अक्षरात छिन्नीचा उतरता काप दिसतो, हाही फरक डोळ्याला सरावानं कळू लागतो. नळी नंतर पॉलिश केली गेली असेल तर ती उचललेली कड नाहीशी होते. अशा वेळी वरचं नाव जवळपास गेलेलं आणि खालचे, लाकडात झाकलेले ठसे ताजे, असा विचित्र देखावा असतो.

नळीच्या आत बघण्याची ही सवय व्हिटवर्थपुरती ठेवून चालत नाही. त्या काळच्या प्रत्येक मोठ्या कल्पक कारागिराची खाच पाडण्याची रीत निराळी होती आणि ती त्याच्या सहीइतकी खात्रीची आहे. एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीच्या नळीत सात सपाट बाजू असतात आणि जिथं दोन बाजू मिळतात तिथं एक बारीक कड आत आलेली असते. १८६० सालचं हे पेटंट सरकारला पुढे इतकं पटलं की १८७१ साली ब्रिटिश सैन्यानं मार्टिनीच्या यंत्रणेवर हेन्रीची नळी बसवली आणि मार्टिनी-हेन्री जन्माला आली. लंडनच्या चार्ल्स लँकेस्टरच्या नळीत तर खाचाच नाहीत. छेद किंचित लंबगोल आणि तोच पीळ घेत पुढे जाणारा. नवख्या डोळ्याला ती गुळगुळीत छऱ्याची बंदूक वाटते. मागच्या शतकात अशा किती नळ्या अडाणीपणानं ‘दुरुस्त’ करून रुंदावल्या गेल्या असतील या विचारानंच जीव कासावीस होतो.

पेढीचं नाव अगदीच निरुपयोगी असतं असं नाही. त्यातला पत्ता काळ सांगतो. पर्डीच्या नळीवर ३१४½ ऑक्सफर्ड स्ट्रीट असेल तर ती १८२६ ते १८८२ यांमधली, कारण त्यानंतर पेढी साउथ ऑडली स्ट्रीटला गेली. ‘हॉलंड अँड हॉलंड’ हे जोडनाव १८७६ पासूनचं, त्याआधी एकट्या हॉलंडचं नाव. जॉन रिग्बीच्या पेढीचं तर सरळ नकाशावर बोट ठेवता येतं. नुसतं ‘डब्लिन’ म्हणजे १८६५ पूर्वीची रायफल, ‘डब्लिन आणि लंडन’ म्हणजे त्यानंतरची, आणि १८९७ साली डब्लिनचं दुकान गेल्यावर उरलं ते लंडन.

रिग्बी हा स्वतः पट्टीचा नेमबाज होता. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला तेव्हा तो आयरिश संघातून खेळला. आयरिश लोकांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या मागून भरायच्या. ८००, ९०० आणि १००० यार्डांवरची ही लढत अमेरिकेनं ९३४ विरुद्ध ९३१ अशी तीन गुणांनी जिंकली. आयर्लंडच्या मिल्नरनं एक गोळी अगदी मधोमध मारली होती, पण शेजाऱ्याच्या लक्ष्यावर. ती आपल्या लक्ष्यावर लागती तर निकाल फिरला असता. पुढे रिग्बी १८८७ मध्ये एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख झाला.

विल्यम एलिस मेटफर्डबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. हा व्यवसायानं स्थापत्य अभियंता. १८५७ साली ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामावर तो बिहारात मुंगेरला आला आणि त्याच वर्षी उठाव झाला. शहराच्या बचावाची तयारी करण्यात त्यानं पुढाकार घेतला, पण हवा आणि कष्ट यांनी प्रकृती अशी खचली की वर्षभरात त्याला इंग्लंडला परतावं लागलं. मुंगेर हे मीर कासीमच्या काळापासून बंदुका घडवणारं गाव, हा योगायोग मन वेधून घेतो. परत गेल्यावर मेटफर्डनं रायफलीच्या प्रश्नाला वाहून घेतलं. खोल खाचांत गोळीचं शिसं ठासून भरण्यापेक्षा अगदी उथळ खाचा आणि कठीण केलेली गोळी, हा त्याचा विचार. उथळ खाच काजळीनं कमी तुंबते आणि साफ करायला सोपी. १८८८ साली सैन्यानं स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीतलं दुसरं नाव त्याचं.

त्याच्या नळ्या ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्जनं टार्गेट रायफलींवर बसवल्या. गिब्जकडे आणखी एक मौल्यवान गोष्ट होती. पर्थशरच्या जॉन फार्क्वारसननं १८७२ साली पेटंट घेतलेली, खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची यंत्रणा. अशा रायफलीवर म्हणून तीन नावं एकत्र भेटतात. नळीवर गिब्ज, यंत्रणेवर फार्क्वारसन आणि नळीच्या बुडाशी मेटफर्डचं पेटंट व त्याचा क्रमांक. हा क्रमांक पुष्कळदा रायफलीचाच म्हणून लिहून घेतला जातो. वास्तविक तो पेटंटच्या मानधनाचा हिशेब ठेवण्यासाठी दिलेला असे आणि पेढीचा स्वतःचा क्रमांक वेगळ्या जागी असतो. दोन्ही टिपून ठेवले तरच पेढीच्या वह्यांत पुढचा शोध घेता येतो. दस्त्याच्या टाचेवर दृष्टिपट्टी बसवण्याची बैठक किंवा नंतर बुजवलेली भोकं दिसली, तर मालक उताणा झोपून, नळी पायांच्या आधारावर ठेवून नेम धरणारा होता. १००० यार्डांच्या पल्ल्यावर तेव्हा हीच पद्धत लोकप्रिय होती.

सरकारी आणि खाजगी मालातला फरक ओळखणं हा निराळा अभ्यास. सैन्याच्या रायफलीवर मुकुटाखाली व्ही.आर., कारखान्याचं नाव, साल आणि सरकारी मालकीचा रुंद बाण असतो. खाजगी पेढ्यांनी स्वयंसेवकांसाठी बांधलेल्या एनफिल्डवर मुकुट असतो, पण व्ही.आर. नसतं आणि बाणही नसतो. लॉकवर ‘टॉवर’ आणि साल दिसलं की लंडनच्या किल्ल्यात बनलेली असं समजू नये. बर्मिंगहॅमवाले खाजगी मालावरही तो शब्द सर्रास घालत. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर ती रायफल सरकारी साठ्यातून रीतसर विकून टाकलेली. बाणाखाली आय असेल तर हिंदुस्थान सरकारची. पुढच्या काळात बीएसए आणि लंडन स्मॉल आर्म्स या कंपन्यांनी अधिकाऱ्यांसाठी व नेमबाजांसाठी ली-एनफिल्डच्या खाजगी आवृत्त्या काढल्या. त्यांवर ‘ली-स्पीड पेटंट्स’ असं वाचायला मिळतं. इथंही नळीत बघावं. सात खाचा म्हणजे मेटफर्डची रीत, पाच म्हणजे १८९५ नंतरची एनफिल्डची. धूरविरहित कॉर्डाइटच्या उष्णतेपुढे मेटफर्डच्या उथळ खाचा टिकेनात, म्हणून हा बदल झाला. अशा रायफलीच्या पेटीत कधी .३०३ची जुनी काडतुसं सापडतात. बुडावर के एफ असेल तर ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली.

बोअर युद्धात ब्रिटिश शिपायाचा नेम कच्चा निघाला, तेव्हा सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सनं सामान्य कामगाराच्या हाती रायफल देण्याची मोहीम उचलून धरली. १९०१ साली कामकरी लोकांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली आणि .२२च्या स्वस्त काडतुसावर घराजवळच, कधी सभागृहात तर कधी कारखान्याच्या आवारात, नेमबाजी सुरू झाली. एकावर एक ठशांची सर्वांत दाट गर्दी या काळच्या रायफलींवर आढळते. एखादी मार्टिनी १८८०च्या दशकात एनफिल्डला सैन्यासाठी बनली, सेवेतून काढून विकली गेली, बर्मिंगहॅमच्या सी. जी. बोनहिलनं तिला .२२ची केली, काही वर्षांनी नळी झिजली तेव्हा ए. जी. पार्करच्या पेढीनं आत नवी नळी घालून ‘पार्कररायफल्ड’ असा शिक्का मारला. अशी रायफल कोणाची म्हणायची? तिच्यावर तिघांचाही हक्क आहे, आणि लिलावाच्या यादीत एकच नाव लिहिणारा बाकी दोघांवर अन्याय करतो.

पार्कर हे नाव वाचताना मधलं अक्षर सोडू नये. ए. जी. पार्करची पेढी १९३६ पासून पार्कर-हेल झाली. ए. जे. पार्कर हे वेगळेच. तेही बर्मिंगहॅमचे, तेही टार्गेट रायफलींच्या दृष्टिपट्ट्या बनवणारे, आणि त्यांच्या मालावर ए-जे-पी ही अक्षरं.

बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, ही १८६१ साली तिथल्याच बंदूककारांनी एकत्र येऊन स्मॉल हीथला काढलेली कंपनी. यंत्रांवर एकसारखे भाग बनवणारा कारखाना काढला नाही तर सरकारी काम हातचं जाईल हे त्यांनी ओळखलं होतं. टेकून उभ्या केलेल्या तीन रायफली हा त्यांचा छाप. पुढे सायकली आणि मोटारसायकलींवरही तोच आल्यामुळे भारतात तो बंदुकीशी कधी संबंध न आलेल्या माणसालाही ओळखता येतो. पूर्ण नाव असेल तर रायफल बहुधा पहिल्या महायुद्धापर्यंतची आणि ‘बीएसए गन्स लिमिटेड’ असेल तर त्यानंतरची. त्यांच्या छोट्या कॅडेट मार्टिनीवर कांगारूचा ठसा दिसला की ती ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या शिक्षणासाठी गेलेली, .३१० इंची. याच कामात असलेल्या ग्रीनरच्या पेढीचा छाप हत्ती.

१८९० साली स्पर्धा विम्बल्डनहून सरेमधल्या बिझलीला हलल्या आणि तिथं एक नवीन प्रकारचं नाव रायफलींवर येऊ लागलं. जॉर्ज फुल्टननं १८८८चं क्वीन्स प्राइझ जिंकलं होतं. त्याच्या मुलानं, आर्थरनं, किंग्ज प्राइझ तीनदा जिंकलं: १९१२, १९२६ आणि १९३१ साली. नातू रॉबिन १९५८ साली क्वीन्स प्राइझचा मानकरी ठरला. या घराण्याची बिझलीला पेढी होती. कारखान्यातून आलेली साधी ली-एनफिल्ड घ्यायची, दस्त्यात नळी कुठं टेकते आणि कुठं मोकळी राहते ते लाकूड तासून ठरवायचं, चाप सुधारायचा, आणि मैदानावर उडवून खात्री झाली की ‘रेग्युलेटेड बाय फुल्टन’ असा शिक्का मारायचा. या पेढीनं त्या रायफलीचा एकही भाग बनवलेला नसे, तरी नेमबाज कारखान्याच्या नावाआधी हा शिक्का शोधत. ते योग्यच होतं असं म्हणावं लागेल, कारण ६०० यार्डांवर गोळी कुठं जाईल हे त्या हातांनी ठरवलेलं असे. बिझलीचं हे मैदान मराठी नेमबाजांनाही परकं नाही. २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धांतली नेमबाजी तिथंच झाली आणि अंजली भागवतनं तिथं चार सुवर्णपदकं मिळवली.

जुन्या व्हिटवर्थ आणि एनफिल्ड दुर्मीळ झाल्यावर १९७०च्या दशकात पार्कर-हेलनं त्यांच्या प्रतिकृती काढल्या. एनफिल्डची नक्कल करताना मूळच्या मापकांचा आधार घेतला होता आणि व्हिटवर्थची नळी खरोखर षटकोनी होती. काम उत्तम होतं, नेमही अचूक लागे. आज त्यांचं लाकूड काळवंडलं आहे, पितळ विटलं आहे, आणि विक्रेत्यानं मौन पाळलं तर अननुभवी माणूस त्यांना शंभर वर्षांनी म्हातारं समजतो. त्यांच्यावर राजदंड नसतात, बर्मिंगहॅमचे १९५४ नंतरच्या नियमांचे ठसे असतात. पेढीनं बंदुका बनवणं थांबवल्यावर त्याच नावानं इटलीत प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांच्या नळीवर वरच्या अंगाला ‘पार्कर-हेल’ वाचायला मिळतं आणि खाली गार्डोनेच्या प्रूफ हाऊसचा तारा, शेजारी चौकटीत साल दाखवणारी दोन अक्षरं. विकत घेणाऱ्यानं दस्ता काढून ती चौकट आधी वाचावी आणि पैशांचं नंतर बोलावं.